पाऊल उशिरा पडते तेव्हा : बालकाचा विकासविलंब आणि वेळेवरचे उपचार

निवासी शाळेत मूल दाखल होते ते पहिलीत किंवा पाचवीत. त्याच्या आयुष्याची आरंभीची वर्षे शाळेने पाहिलेली नसतात. परंतु त्या वर्षांत जे घडले, किंवा घडायचे राहून गेले, त्याचा हिशेब पुढे वर्गात आणि वसतिगृहात रोज मांडला जातो. हाक मारली तरी न वळणारे मूल 'हट्टी' म्हणून आमच्याकडे येते, आणि कानांची तपासणी झाल्यावर कळते की त्याला ऐकूच कमी येत होते. पायात पाय अडकून पडणारे मूल 'वेंधळे' ठरलेले असते. त्याच्या स्नायूंचा ताण जन्मापासूनच वेगळा असतो. अशा मुलांसाठी दहाव्या वर्षीही पुष्कळ करता येते आणि ते करावेच लागते. तथापि तेच प्रयत्न दुसऱ्या वर्षी झाले असते तर त्या मुलाची वाट किती सोपी झाली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः आईवडील आहेत. माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेच्या आठवणी निघतात, तसे हलक्या आवाजात विचारलेले प्रश्नही निघतात. 'गुरुजी, मुलगा दोन वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. घरचे म्हणतात, थांबा. काय करावे ?' या प्रश्नाचे सविस्तर उत्तर एका ठिकाणी छापलेले असावे, या हेतूने स्मरणिकेच्या या अंकात हा लेख देत आहोत.

विलंब म्हणजे काय ?

सर्व बाळे एकाच दिवशी चालू लागत नाहीत. एखादे दहाव्या महिन्यात पाऊल टाकते, एखादे पंधराव्या. दोन्ही निरोगी असू शकतात. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक टप्प्याला एक शेवटची मर्यादा असते. ती उलटली तर केवळ वाट पाहणे हा शहाणपणा ठरत नाही. पालकांनी लक्षात ठेवावेत असे टप्पे पुढीलप्रमाणे :

दोन महिन्यांपर्यंत बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते.
पाच महिन्यांपर्यंत मान सावरते.
नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसते, 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज काढते.
एक वर्षापर्यंत नावाने हाक मारल्यावर वळते, आधाराने उभे राहते, टाटा करते.
दीड वर्षापर्यंत स्वतंत्र चालते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते, काही अर्थपूर्ण शब्द बोलते.
दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडते.

रांगण्याचा उल्लेख येथे मुद्दाम केलेला नाही. काही निरोगी बाळे रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. उलट, बोटाने दाखवण्याकडे घरात फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण तो टप्पा अतिशय महत्त्वाचा आहे. आकाशातला चांदोबा पाहून बाळ आधी चांदोबाकडे बोट करते आणि मग आईच्या डोळ्यांत पाहते. 'मी पाहिले ते तूही पाहा' ही त्यामागची ओढ असते. ती ओढ दिसत नसेल, बाळ नजरेला नजर देत नसेल, तासन्‌तास गाडीचे चाकच फिरवत बसत असेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी.

महिने मोजण्याची एक रीतही जाणून घ्यावी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर त्याचे वय जन्मतारखेपासून न मोजता, ते पूर्ण दिवसांचे होऊन ज्या दिवशी जन्मायचे होते तेथून मोजतात. चाळीस आठवड्यांऐवजी बत्तीस आठवड्यांनी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर विकासाच्या मापाने ते सुमारे चार महिन्यांचे समजावे. दोन वर्षांचे होईपर्यंत ही वजाबाकी करतात.

दोन गोष्टींसाठी मात्र एक दिवसही थांबू नये. पहिली म्हणजे आलेले कौशल्य हरवणे : बोलणारे मूल बोलेनासे होणे, हात वापरणारे मूल हात वापरीनासे होणे. दुसरी म्हणजे, काही महिन्यांचे बाळ झोपेतून उठताना वगैरे एकापाठोपाठ एक असे एकदम वाकणे, मान खाली झुकवून हात पुढे फेकणे. घरात याला पोटदुखी किंवा दचकणे समजतात. पण तो फिट्सचा एक गंभीर प्रकार असू शकतो आणि त्यावरचा उशीर मेंदूला महागात पडतो. मोबाइलवर त्याचे चित्रण करावे आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पहिल्या तीन वर्षांचे मोल

जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूच्या पेशींमधील जोडण्या विलक्षण वेगाने तयार होत असतात. वापरात येणाऱ्या जोडण्या पक्क्या होतात, न वापरलेल्या गळून पडतात. शेताकडे जाणारी पायवाट रोज तुडवली तर रुळते आणि सोडून दिली तर गवताने भरून जाते, तसेच हे आहे. एखाद्या बाळाच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झाली असली, तरी या काळात दुसरी वाट रुळवण्याची क्षमता मेंदूत सर्वांत अधिक असते. शीघ्र हस्तक्षेपाचा सारा आधार या एका गोष्टीवर आहे.

श्रवणाचे उदाहरण यात सर्वांत स्पष्ट आहे. बाळाच्या कानांची चाचणी पहिल्या महिन्यात, बहिरेपणाचे निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्रासह उपचाराचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. भाषा ऐकूनच येते. ज्या कानांत शब्द पोहोचलाच नाही, त्या मुखातून शब्द कसा येणार ? म्हणून बोलण्यास उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानांची व्हावी. मागे ताट वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे. काही आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही शब्दांचे बारकावे ऐकू येत नसतात. मूल झोपलेले असतानाही करता येणारी 'बेरा' नावाची चाचणी असते, तिची विचारणा करावी.

थायरॉइडचे उदाहरणही असेच आहे. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी बहुतांशी सुरक्षित राहते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर हे निदान होते.

कारणे आणि दूषणे

विकासविलंबाची कारणे अनेक असतात. जन्मताच बाळ न रडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, मर्यादेबाहेर वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणात आईला झालेला रुबेला, डाउन सिंड्रोमसारखी गुणसूत्रांतील भिन्नता, आयोडीन किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता ही त्यांतील काही. पुष्कळदा सर्व तपासण्या होऊनही नेमके कारण सापडत नाही. कारण सापडले नाही म्हणून उपचार थांबत नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे.

परंतु घरात कारण शोधले जाते ते वेगळ्याच दिशेने. आईने ग्रहणात काहीतरी चिरले, कुणाची नजर लागली, घराण्यात काही दोष आहे, मागच्या जन्मीचे पाप आहे. बहुतेक वेळा बोट सुनेकडेच वळते. आपण बुद्धाच्या मार्गाने चालणारी माणसे आहोत. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपल्याला सांगते की कारणावाचून कार्य नाही, आणि कारणे याच जगात शोधायची असतात. पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ म्हणून या जन्मीचे दुःख वाट्याला येते, ही कल्पना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली आहे. तेव्हा ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरात अपंग बाळाच्या आईला दूषण मिळणे शोभत नाही. गंडेदोरे आणि अंगारे यांत जाणारे महिने हे बाळाच्या मेंदूचे सर्वांत मोलाचे महिने असतात. त्याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

बौद्ध साहित्यातील चुल्लपंथकाची कथा आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ होईना, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून घरी जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला परत नेले. पुन्हा गाथा घोकायला न लावता एक स्वच्छ पांढरे वस्त्र त्याच्या हाती दिले आणि ते चोळत बसण्यास सांगितले. हाताखाली मळत जाणारे वस्त्र पाहून, पाठांतराने जे कळले नव्हते, ते चुल्लपंथकाला कळले. शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत मात्र बदलली होती. विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट आज हेच करीत असतात.

कोठे जावे ?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पहिले दार गावातच आहे. आशाताई जन्मानंतरचे बेचाळीस दिवस ठरावीक भेटी देतात, आणि त्यानंतरही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी येणे अपेक्षित असते. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते कार्ड केवळ लसीकरणासाठी नाही. ती पाने आशाताईंसोबत बसून वाचावीत.

दुसरे दार अंगणवाडीचे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासविलंब शोधणे हे त्याचे काम. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असलेले फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शासकीय व अनुदानित शाळेत येते. पथक येणार तो दिवस अंगणवाडी सेविकांकडून आधी कळवून घ्यावा आणि त्या दिवशी बाळाला घेऊन जावे. 'आमचे बाळ बोलत नाही' हे आपणहून सांगावे. शंभर मुलांच्या गर्दीत शांत मूल सहज निसटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली आहे. त्यामुळे अशा बाळाला अंगणवाडीत घेणे ही सेविकांची मेहेरबानी नसून त्यांच्या कामाचा भाग आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे दार म्हणजे जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. बोलताना त्याला डी.ई.आय.सी. असे म्हणतात. फिरते पथक तेथे पाठवणीची चिठ्ठी देते. पथकाची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी घेऊन जावे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कानांची तपासणी व वाचा उपचार करणारे तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, दंतवैद्य, विशेष शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ता अशी मंडळी एका छताखाली असावीत, अशी या केंद्राची रचना आहे. प्रत्यक्षात एखादे पद रिकामे असते, एखादे तज्ज्ञ आठवड्यातील ठरावीक दिवशीच येतात. म्हणून निघण्यापूर्वी कोणत्या वारी कोण भेटेल हे विचारून घ्यावे. एक फेरा, एक दिवसाची मजुरी आणि बाळाचे हाल वाचतात.

जिल्ह्यात सोय अपुरी पडली तर मोठ्या संस्था आहेत. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत २०२१ पासून सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र चालते. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. नागपूर येथे दिव्यांगांसाठी केंद्र शासनाचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही बालरोग आणि भौतिकोपचार विभाग असतात.

पहिल्या भेटीची तयारी

जाताना बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचे व नवजात कक्षातील डिस्चार्ज कार्ड, आधीच्या चिठ्ठ्या, आधार व रेशनकार्डाच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. बाळ घरी कसे बसते, कसे खेळते, कशाने रडते, याची मोबाइलवर दोन-तीन छोटी चित्रणे करून न्यावीत. परक्या जागी बाळ जे दाखवत नाही ते त्यांत दिसते. बाळाची झोप आणि जेवण झालेले असावे.

तपासणी संपल्यावर तीन प्रश्न विचारल्यावाचून उठू नये. आमच्या बाळाला आज काय येते आणि पुढच्या तीन महिन्यांत काय यावे अशी अपेक्षा आहे ? त्यासाठी घरी आम्ही रोज काय करायचे ? पुन्हा केव्हा यायचे ? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तज्ज्ञांच्या परवानगीने व्यायामाचे चित्रण करून घ्यावे.

कोणता तज्ज्ञ काय करतो हेही ठाऊक असावे. फिजिओथेरपिस्ट मान, बसणे, उभे राहणे, चालणे यांवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हातांचे बारीक काम, जेवणे-कपडे घालणे आणि स्पर्श-आवाज सहन होण्याची क्षमता पाहतात. वाचा उपचार तज्ज्ञ केवळ उच्चार शिकवत नाहीत. समजणे, खुणांनी सांगणे, चावणे आणि गिळणे हेही त्यांच्याकडे येते. विशेष शिक्षक खेळातून शिकण्याची पायरी ठरवतात.

खाजगी थेरपी घ्यायची असल्यास नोंदणी पाहून घ्यावी. वाचा उपचार तज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंद महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. 'सहा महिन्यांत पूर्ण बरे करून देतो' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. स्वमग्नतेवर मूलपेशींचे महागडे उपचार विकले जातात. त्यांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. त्यासाठी जमीन गहाण टाकू नये.

घर हेच खरे केंद्र

आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी मिळाली तर महिन्याचे दोन तास होतात. बाळ जागे असते ते महिन्याचे तीनशेहून अधिक तास. ते तास घरात जातात. म्हणून थेरपिस्टचे मुख्य काम बाळाला शिकवण्याइतकेच घराला शिकवण्याचे असते, आणि जी कुटुंबे ते शिकून घेतात त्यांची मुले पुढे सरकतात.

त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. अंघोळ घालताना 'हा हात, हा पाय' म्हणत राहणे, भाकरी थापताना पिठाचा गोळा बाळाच्या हाती देणे, वाटीत वाटी घालणे, डब्याचे झाकण उघडायला लावणे, शेंगा सोलताना शेजारी बसवणे (शेंगदाणा तोंडात जाऊ नये म्हणून लक्ष ठेवून), बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द न उच्चारता क्षणभर थांबणे, हे सारे उपचारच आहेत. बाळाने मागण्याआधीच सर्व हातात दिले तर त्याला मागण्याची गरज उरत नाही. पाणी दिसेल असे ठेवावे, पाच आकडे मनात मोजावेत आणि बाळाने खूण, आवाज वा शब्द यांपैकी काहीही केले की लगेच द्यावे. एकदम तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे दिवसातून अनेकदा केलेले अधिक उपयोगी पडते.

बसून फिरवायचा चाकांचा वॉकर टाळावा. त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात होतात. आपला जुना लाकडी पांगुळगाडा धरून उभे राहावे लागते, म्हणून तो वेगळा. पण तोही थेरपिस्टला विचारून द्यावा. मोबाइल मात्र दोन वर्षांखालील बाळाच्या हाती मुळीच नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. दूरच्या नातलगांशी चित्रफोनवर बोलणे तेवढे चालेल. मोबाइल बोलतो, पण बाळाच्या उत्तराची वाट पाहत नाही. संवाद शिकण्यासाठी समोर माणूसच लागतो.

'जिभेखालचा पडदा कापला की बोलेल' हा समजही पुष्कळ ठिकाणी आढळतो. पडदा आखूड असल्यास काही उच्चारांत अडचण येऊ शकते. पण मूल मुळीच बोलत नाही याचे कारण बहुधा तेथे नसते. त्यात गुंतून कानांची तपासणी राहून जाऊ नये.

प्रमाणपत्र, योजना आणि प्रवास

प्रमाणपत्र घेतले तर मुलावर कायमचा शिक्का बसेल, या भीतीने अनेक पालक मागे राहतात. ही भीती समजण्यासारखी आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व ही अट आहे. पाच वर्षांखालील मुलाला बौद्धिक अक्षमतेचे निदान न लिहिता 'सर्वांगीण विकासविलंब' असे लिहितात आणि प्रमाणपत्र तात्पुरते देतात. ठरावीक मुदतीनंतर फेरतपासणी होते. मूल पुढे गेले तर कागदही बदलतो. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करता येतो आणि त्यातूनच यू.डी.आय.डी. कार्ड मिळते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर काही दारे उघडतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. श्रवणयंत्र, कॅलिपर, विशेष खुर्ची अशी साधने केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतून मिळू शकतात. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही तीत साहाय्य आहे, मात्र पाच वर्षांची वयोमर्यादा असल्याने तेथेही उशीर परवडत नाही. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. एस.टी. आणि रेल्वेच्या सवलतींचीही माहिती घ्यावी. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क तर कायद्यानेच दिलेला आहे. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : थेरपी सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची अट नाही. कागदासाठी उपचार थांबवू नयेत.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात बांधकामावर जातात आणि बाळाची थेरपी तेथेच तुटते. अशा कुटुंबांनी निघण्यापूर्वी केंद्रातून घरी करायच्या व्यायामाचा लेखी कार्यक्रम घ्यावा, सर्व कागदांच्या प्रती मोबाइलमध्ये ठेवाव्यात आणि ज्या जिल्ह्यात जायचे तेथील केंद्राच्या नावे पत्र मागून घ्यावे. शक्य असेल तर आजीलाही व्यायाम शिकवून ठेवावेत. बाळ पुष्कळदा तिच्याकडेच मागे राहते.

आपण सारे काय करू शकतो ?

थेरपी फुकट मिळाली तरी ती घेणे फुकट नसते. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जायचे तर दोन माणसांचे भाडे, एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या दुसऱ्या मुलांची व्यवस्था, इतके सारे त्यात असते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कुटुंबे येणे सोडतात ती बहुतेक वेळा मायेच्या अभावी नव्हे, तर या खर्चापोटी. येथे समाजाचे काम सुरू होते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत परिचारिका आहेत, अंगणवाडी सेविका आणि आशाताई आहेत, शिक्षक आहेत, एस.टी.त काम करणारे आहेत, मुंबई-पुण्यात स्थिरावलेले आहेत. गावातून वांद्र्याला किंवा हाजी अलीला तपासणीसाठी येणाऱ्या कुटुंबाला दोन रात्री घरी ठेवून घेणे, रुग्णालयात कोणत्या खिडकीवर जायचे ते दाखवणे, हे त्यांतील कुणालाही करता येईल. वर्षावासात आणि पौर्णिमेला विहारात माणसे जमतातच. त्यांतील एका दिवशी आशाताईंना बोलावून लहान बाळांच्या आयांसोबत विकासाचे टप्पे वाचता येतील. गावातील मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून लहानशी रक्कम अशा बाळांच्या प्रवासभाड्यासाठी राखून ठेवली, तर तीही बाबासाहेबांना वाहिलेली आदरांजलीच ठरेल.

आणि त्या आईशी बोलताना शब्द जपून वापरावेत. 'अजून चालत नाही का ?' असे विचारण्याऐवजी 'तुम्ही केंद्रात जाल त्या दिवशी मोठ्या मुलीला आमच्याकडे ठेवा' असे म्हणावे. करुणा म्हणजे हळहळ नव्हे. दुसऱ्याचे ओझे थोडे आपल्या खांद्यावर घेणे म्हणजे करुणा.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शीघ्र हस्तक्षेप म्हणजे चमत्कार नाही. काही मुले वेळेवरच्या मदतीने आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला येतात. काहींचे अपंगत्व आयुष्यभर राहते. पण ज्याला हाताने घास खाता येतो, खुणेने का होईना 'मला दुखते' हे सांगता येते, आईचा हात धरून चार पावले टाकता येतात, त्याचे आयुष्य आणि त्याच्या आईचे आयुष्य त्या चार पावलांइतके मोकळे झालेले असते. त्यासाठी जे करायचे ते आजच्या आज करावे. आपल्या ओळखीत असे एखादे बाळ असेल तर स्मरणिकेचे हे पान त्याच्या घरी पोहोचवावे, आणि शक्य असल्यास पहिल्या भेटीला सोबत जावे.

नमो बुद्धाय ! जय भीम !